तेलातील हळद तळाशी का बसते

नांदेडहून हिंगोलीकडे निघालेल्या रस्त्यावर अर्धापूर हे तालुक्याचे गाव लागते. केळीच्या बागांमुळे या गावाचा लौकिक दूरदूरच्या बाजारपेठांत पोचलेला असला, तरी ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे पाणी ज्या काळ्या कसदार जमिनीला लाभले तिने केळीइतकाच उदार आश्रय हळदीलाही दिला आहे, आणि फाल्गुन-चैत्रात या वाटेने जाणाऱ्यास ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागत नाही. काढणी झालेले कंद शेताच्या कडेलाच शिजत असतात, त्या वाफेचा मातीमिश्रित उग्र गंध रस्त्यापर्यंत येतो, शिजलेली हळकुंडे उन्हात खडखडीत वाळतात, लोखंडी पिंपात फिरवून त्यांना पॉलिश चढते आणि मग पोत्यांत भरून ती नांदेडच्या किंवा वसमतच्या मोंढ्यावर रवाना होतात.

ज्या मुलखात हळद अशी हाताशी असते, त्या मुलखातील शृंगारसाहित्य तिच्यावाचून राहील हे संभवनीयच नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी लागणारी हळद, दिवाळीच्या पहाटेचे उटणे, टाचांच्या भेगांवरचा लेप, तान्ह्या बाळाच्या अंगाला चोळायचे तेल, या साऱ्यांत तिचा अंमल आहे. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत खंडोबावर उधळला जाणारा भंडारा हाही हळदीचाच. पूर्वी ही प्रसाधने ज्या घटकेला हवीत त्याच घटकेला, वाटीत किंवा तळहातावर सिद्ध होत असत. अलीकडे मात्र अनेक घरांतून, आणि बचत गटांतून एकत्र येणाऱ्या स्त्रियांकडूनही, हीच द्रव्ये तेलात कालवून बाटलीत किंवा डबीत भरून ठेवण्याचा प्रघात पडू लागला आहे, आणि तेथेच एक अडचण उभी राहते. तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात हळद, मुलतानी माती, चंदनाची पूड किंवा गेरू मिसळून सकाळी एकजीव दिसणारे मिश्रण दुपारपर्यंत दुभंगते. वर स्वच्छ तेल राहते आणि तळाशी चिखल बसतो. असे झाले की घोटणे कमी पडले असा निष्कर्ष काढून पुन्हा घोटायला घेतले जाते, आणि पुन्हा तोच अनुभव येतो.

हा निष्कर्ष मुळातच सदोष आहे. घोटण्याने चूर्ण तेलात पसरते, हे खरे. परंतु पसरलेले चूर्ण पसरलेलेच राहावे याची कोणतीही तजवीज घोटण्याने होत नाही. मिसळणे आणि धरून ठेवणे ही दोन निराळी कार्ये आहेत, आणि दुसऱ्या कार्यासाठी तेलाच्या अंगी जो गुण लागतो तो त्यात आणावा लागतो. बाहूंचे बळ त्याची जागा घेऊ शकत नाही.

द्रवात पडलेला कण किती वेगाने खाली जातो, याचे गणित केंब्रिजचे जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी लंबकाच्या गतीवरील आपल्या निबंधात मांडले आणि तो निबंध १८५१ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या नियमाचा आशय असा, की कण आणि द्रव यांच्या घनतेतील अंतर जितके अधिक तितका वेग अधिक, द्रवाची सांद्रता, म्हणजे वाहण्यातील दाटपणा, जितकी अधिक तितका वेग कमी, आणि कणाची जाडी दुप्पट झाली तर वेग दुपटीने न वाढता चौपटीने वाढतो. या तीन कलमांपैकी तिसरे सर्वांत महत्त्वाचे, आणि घरगुती प्रसाधने करणाऱ्यांकडून सर्वांत उपेक्षित राहिलेले आहे.

हळदीच्या भुकटीची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट, आणि तिळाच्या तेलाची ०.९२ पट. सामान्य तापमानाला तिळाचे तेल पाण्याहून पन्नास-साठ पट सांद्र असते. आता गिरणीतून दळून आणलेल्या हळदीतील पाव मिलिमीटर जाडीचा, म्हणजे २५० मायक्रॉनचा कण घेतला, तर दहा सेंटीमीटर उंचीच्या बाटलीत तो वरून खाली अवघ्या पाच-सहा मिनिटांत पोचतो. तीच हळद तलम वस्त्रातून गाळून ५० मायक्रॉनवर आणली, तर त्याच प्रवासाला सव्वादोन तास लागतात. आणि ५ मायक्रॉनपर्यंत सूक्ष्म करता आली, तर नऊ-दहा दिवस. तेल तेच, द्रव्य तेच, बाटलीही तीच. केवळ कणाच्या आकाराने मिनिटांचा हिशेब दिवसांवर गेला. आयुर्वेदाच्या ग्रंथांतून चूर्ण वस्त्रगाळ करण्याचा जो आग्रह पदोपदी आढळतो, त्याला तेलातील लेपांपुरता तरी हा भक्कम आधार आहे, आणि वस्त्रगाळ करण्याचा कंटाळा करून पुढच्या कोणत्याही उपायाकडे वळणे म्हणजे पायाशिवाय भिंत घालणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु कण सूक्ष्म असले म्हणजे ते तेलात सूक्ष्मच राहतात असे नाही. जस्ताचे भस्म, ज्याला आपण झिंक ऑक्साइड म्हणतो, ते पाण्याच्या साडेपाच पट जड असते, तथापि त्याचा कण एक मायक्रॉनच्या आसपास असल्याने हिशेबाप्रमाणे तिळाच्या तेलात दहा सेंटीमीटर उतरायला त्याला तीन आठवडे लागायला हवेत. प्रत्यक्षात ते दीड तासातही उतरलेले दिसते. याचे कारण तेलात पडताच हे कण एकमेकांना बिलगून वीस-वीस मायक्रॉनचे गोळे करतात, आणि स्टोक्स यांच्या नियमाला गोळा तेवढा दिसतो, गोळ्यातील कण दिसत नाहीत. माती, पिष्ट, धातूंची भस्मे ही सारी द्रव्ये स्वभावाने जलस्नेही असतात. तेलाशी त्यांचे सख्य नसते आणि म्हणून तेलात ती आपापसात जवळीक करतात. त्यातून हवेतील ओलावा शोषलेला असेल तर तो सूक्ष्म थेंबांच्या रूपाने दोन कणांमध्ये बसतो आणि त्यांना एकत्र बांधून ठेवतो. सबब तेलात टाकण्यापूर्वी चूर्ण कडक उन्हात किंवा मंद आचेवर कोरडे करून घेणे आणि तेलाच्या भांड्यात पाण्याचा अंशही नसणे, या दोन गोष्टींत हयगय चालत नाही. पावसाळ्यात केलेले लेप उन्हाळ्यातल्यापेक्षा लवकर फुटतात याचा खुलासाही बव्हंशी यातच आहे.

गोळे फोडण्याचे साधन म्हणजे खल, आणि त्याच्या वापराची एक रीत आहे. सर्व तेल एकदम ओतून वर चूर्ण भुरभुरवले, तर प्रत्येक गोळ्याभोवती तेलाचे आवरण बसते, आत हवा कोंडून राहते आणि बत्ता त्या गोळ्याला चिरडण्याऐवजी तेलातून नुसता पुढे ढकलतो. याउलट चूर्ण आधी खलात घेऊन त्यावर तेलाचे थेंब पडू दिले, तर प्रथम ते रवाळ होते, मग भिंतीला चिकटू लागते, मग एक असा क्षण येतो की सारा ऐवज बत्त्याला जड वाटू लागतो, हात भरून येतो आणि घट्ट, चकचकीत, लोण्यासारखा लगदा तयार होतो. या अवस्थेत कणाकणांमधील अंतर इतके थोडे असते की बत्त्याचा दाब तेलावर वाया न जाता थेट गोळ्यांवर पडतो. येथे घाई करून तेल वाढवणे हाच सर्वांत मोठा अपराध. पंधरा-वीस मिनिटे हा लगदा रगडून, काचेच्या पट्टीवर त्याचा पातळ थर ओढून उजेडाकडे धरावा. ठिपके दिसत असतील तर आणखी रगडावा, आणि दिसेनासे झाले म्हणजेच उरलेले तेल थोडेथोडे घालीत तो सैल करावा. चित्रकारांचे तैलरंग आणि छापखान्यातील शाई याच रीतीने, फक्त यंत्रांच्या रुळांमधून, सिद्ध होतात.

खलाने फोडलेले गोळे पुन्हा जमू नयेत म्हणून कणांना तेलाशी सख्य करायला लावणारा एक मध्यस्थ लागतो, आणि तो मध्यस्थ लातूरच्या परिसरात पोत्यांनी विकल्या जाणाऱ्या धान्यातून निघतो. सोयाबीनचे कच्चे तेल शुद्ध करताना त्यात किंचित गरम पाणी मिसळले की एक चिकट, तपकिरी गोंद वेगळा होतो. तो वाळवला की त्याला लेसिथिन म्हणतात. फ्रान्समधील थिओडोर गॉब्ली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे द्रव्य प्रथम अंड्याच्या बलकातून वेगळे केले होते. लेसिथिनच्या रेणूचे एक टोक जलस्नेही असते आणि दुसऱ्या बाजूच्या दोन लांब शेपट्या तैलस्नेही असतात. जलस्नेही टोक मातीच्या किंवा हळदीच्या कणाला घट्ट धरते, शेपट्या बाहेर तेलात पसरतात, आणि अशा शेपट्यांनी वेढलेले दोन कण जवळ आले तरी एकमेकांना भिडू शकत नाहीत. चूर्णाच्या वजनाच्या शंभरात एक-दोन भाग लेसिथिन खलातच, तेलाच्या पहिल्या थेंबांबरोबर घातले असता लगदा जो एकाएकी सैल पडतो आणि चमकू लागतो, तो पाहिल्यावर या द्रव्याच्या सामर्थ्याविषयी शंका राहत नाही. मराठवाड्यातील सोयाबीनचा हा उपयोग आपल्याकडे अजून पुरेसा रुजलेला नाही, याची मला खंत वाटते.

मात्र येथे एक विपरीत गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण तिने पुष्कळांना चकविले आहे. उत्तम रीतीने सुटे झालेले कण सावकाश खाली बसतात, परंतु जेव्हा बसतात तेव्हा एकमेकांच्या फटींत नेमके शिरून इतका घट्ट थर करतात की बाटली कितीही हलवली तरी तो उठत नाही. उलट सैलसर झुबक्यांनी राहिलेले कण लवकर बसतात, तथापि त्यांचा थर पोकळ व भुसभुशीत असल्याने दोन हिसक्यांत तो पुन्हा वर येतो. औषधनिर्मितीत हा विवेक फार पूर्वीपासून केला जातो. ज्या औषधाच्या बाटलीवर चांगली हलवून घ्या असे लिहिलेले असते, ते औषध हेतुपुरस्सर सैल झुबक्यांच्या अवस्थेत ठेवलेले असू शकते. तेव्हा ज्याला रोज बाटली हलवून तेल लावायचे आहे त्याने अतिशय सुट्या कणांचा हव्यास धरू नये, आणि ज्याला न हलवता वापरायचा लेप हवा आहे त्याने केवळ सुटे कण करून थांबू नये.

सांद्रता वाढवावी, हा पुढचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्या हाताशी असलेल्या तेलांत एरंडेल सर्वांत सांद्र; पंचवीस अंश तापमानाला ते पाण्याच्या साडेसहाशे ते सातशे पट दाट असते. वर सांगितलेला ५० मायक्रॉनचा हळदीचा कण, जो तिळाच्या तेलात सव्वादोन तासांत तळ गाठतो, तो एरंडेलात सुमारे तीस तास घेतो. लाभ आहे, पण तो मुदतवाढीचा लाभ आहे, मुक्तीचा नाही. शिवाय चाळीस अंशांना एरंडेलाची सांद्रता जेमतेम एक-तृतीयांश उरते, आणि नांदेडचा वैशाख चाळीस अंशांवर थांबत नाही. चेहऱ्यावर निखळ एरंडेल कोणाला सोसतही नाही. तिळाच्या किंवा करडईच्या तेलात पाचवा हिस्सा एरंडेल, ही माझ्या मते त्याची योग्य मर्यादा. करडई हे तर मराठवाड्याचे स्वतःचे तेल, परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचे वाणही दिले आहेत. पण ते हवेने लवकर खवट होते, एवढे ध्यानात ठेवून त्याचा साठा थोडाच करावा.

मुक्तीचा मार्ग निराळा आहे, आणि तो आपल्या आजी-पणजींच्या कुंकवाच्या करंड्यात होता. कपाळावर प्रथम मेणाचे बोट टेकवून त्यावर कोरडे कुंकू लावण्याची जी पद्धत महाराष्ट्रात घरोघर होती, तिच्यात कुंकू आणि स्निग्ध पदार्थ यांचा संयोग डबीत न होता कपाळावरच होई, त्यामुळे काही तळाशी बसण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे मेण हा पदार्थ दिवसभर घामाला न जुमानता हजारो सूक्ष्म कण जागच्या जागी धरून ठेवतो, हे त्या पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध करून दाखवले होते. वैद्यांनीही हे ओळखले होते. एक भाग मेण आणि पाच-सहा भाग तिळाचे तेल यांचे सिक्थतैल अनेक मलमांचा आधार म्हणून वापरले जाते, आणि भूमध्य समुद्राच्या काठी प्राचीन काळी मेण व तेल यांचीच मलमे होत असत.

मेणाच्या अंगी हे सामर्थ्य कोठून येते? मधमाश्यांचे मेण ६२ ते ६५ अंशांना वितळते. गरम तेलात ते पूर्ण विरघळते, पण तेल निवू लागले की त्याचे अतिसूक्ष्म, पातळ पापुद्र्यांसारखे स्फटिक होतात आणि हे स्फटिक एकमेकांत अडकून तेलाच्या सर्व भागांत एक जाळे विणतात. शेताच्या बांधावर बाभळीच्या काट्यांचे कुंपण रचलेले असते, त्यात वाऱ्याने आलेले पान जसे अडकून राहते तसा चूर्णाचा कण या जाळ्यात अडकतो. येथे स्टोक्स यांचा नियम लागूच होत नाही, कारण तो प्रवाही द्रवासाठी आहे. आणि जाळे विणलेले तेल स्थिर असताना द्रव नसून अत्यंत मृदू असा घन पदार्थ असते. ठरावीक दाबाच्या आत न वाहणारे आणि त्यापलीकडे वाहणारे असे पदार्थ असतात, याचे शास्त्रीय विवेचन अमेरिकेतील युजीन बिंगहॅम यांनी १९१६ साली केले. बोटाचा दाब त्या मर्यादेच्या पुष्कळ पुढे असल्याने लेप त्वचेवर सहज पसरतो. कणाचे वजन त्या मर्यादेच्या आत राहिले की कण वर्षभर जागचा हलत नाही.

आणि ही मर्यादा किती अल्प असली तरी पुरते, हे पाहण्यासारखे आहे. ५० मायक्रॉनच्या हळदीच्या कणाचे तेलातील परिणामी वजन ग्रॅमच्या सुमारे सव्वातीन कोटीव्या भागाइतके भरते. एवढ्याला थोपवून धरायला दगडासारखे मलम नको; डबी तिरपी केली असता मंदपणे सरकेल इतके सैल जाळेसुद्धा चालते. म्हणून सिक्थतैलातील मेणाचे प्रमाण मलमाला योग्य असले तरी अंगाला चोळायच्या लेपाला ते फार होते. शंभर ग्रॅम लेपात हिवाळ्यासाठी चार-पाच ग्रॅम मेण पुरेसे होते. उन्हाळ्यात मात्र त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उष्म्यात मेण वितळत नसले तरी त्याचा काही अंश तेलात पुन्हा विरघळतो आणि जाळे विरविरीत होते. तेव्हा सात-आठ ग्रॅमपर्यंत जाणे इष्ट.

याची कृती सांगायची तर ती अशी. सत्तर ग्रॅम तिळाचे आणि वीस ग्रॅम एरंडेल तेल घ्यावे. त्यातील थोडे काढून पाच ग्रॅम वस्त्रगाळ हळदीचा लगदा वर सांगितल्याप्रमाणे खलात करावा. उरलेल्या तेलात पाच ग्रॅम मेण घालून भांडे उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवावे आणि मेण पारदर्शक होऊन नाहीसे होईपर्यंत वाट पाहावी. थेट आचेवर ठेवू नये. मग लगदा त्यात मिसळून भांडे खाली उतरवावे आणि सावकाश ढवळीत राहावे. पन्नास अंशांच्या खाली कोठेतरी तेलाची पारदर्शकता जाते, पृष्ठावर एक धूसर झाक येते आणि ढवळणीची रेघ क्षणभर उमटून राहते. ओतण्याचा मुहूर्त तोच. त्याआधी, तेल गरम व पातळ असताना डबीत ओतले, तर जाळे विणले जाण्यापूर्वीच जड कण तळाशी पोचतात आणि डबीच्या बुडाशी गडद पिवळ्या थराच्या रूपाने कायमचे कोंडले जातात. त्यानंतर ओतले, तर गुठळ्या होतात. ओतल्यावर डबी हलवू नये, ढवळू नये, कारण विणले जात असलेले जाळे एकदा तुटले की पूर्वीइतके बळकट होत नाही. आणि ती उबेत हळूहळू निवू देण्यापेक्षा गार पाण्यात ठेवून लवकर निववावी. लवकर निवलेल्या मेणाचे स्फटिक बारीक व संख्येने पुष्कळ असतात, सावकाश निवलेल्याचे मोठे व विरळ, आणि विरळ जाळ्यातून काही दिवसांनी तेल पाझरून वर येते.

खोबरेल वापरणाऱ्यांना मेणाशिवायही हा अनुभव हिवाळ्यात येतो, कारण खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांना थिजते आणि थिजताना चूर्णाला जेथल्या तेथे पकडते. मार्गशीर्षात केलेला असा लेप पाहून समाधान मानणाऱ्याने चैत्राची आठवण ठेवावी. कोकमाचे तेल त्याहून बरे, ते अडतीस-चाळीस अंशांपर्यंत तग धरते. कोकणात ते पुरेल, अर्धापुरात वैशाखात पुरत नाही.

काजळाचे उदाहरण या सर्वांहून निराळे आणि फार सुंदर आहे. एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर तांब्याचे भांडे धरून जमवलेली काजळी तुपात किंवा एरंडेलात खलली की ती वर्षानुवर्षे खाली बसत नाही, आणि तेथे मेणही नसते. ज्योतीतून निघणारा काजळीचा मूळ कण मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही लहान असतो. असा एकेकटा कण एरंडेलात एक सेंटीमीटर खाली यायला, स्टोक्स यांच्या नियमाने, चाळीस वर्षांहून अधिक काळ घेईल. आणि तेवढ्या काळात तेलाच्या रेणूंचे अखंड आघात त्याला इतक्या वेळा वर-खाली भिरकावतात की खाली जाण्याला काही अर्थच उरत नाही. १८२७ साली रॉबर्ट ब्राउन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली आणि १९०५ साली आइन्स्टाइन यांनी गणिताने उलगडलेली ती हीच गती; तिच्यावरून रेणूंचे अस्तित्व सिद्ध करणाऱ्या झाँ पेरँ यांना १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दिव्याच्या ज्योतीने जे सूक्ष्मीकरण क्षणात होते ते कोणत्याही खलाने होणार नाही. (काजळ डोळ्यांत घालणे, विशेषतः तान्ह्या मुलांच्या, वैद्यकाला संमत नाही, येथे विचार केवळ त्याच्या घडणीचा आहे.)

आता जो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा होता, पण वरील विवेचनाशिवाय ज्याचे महत्त्व कळले नसते, तो असा: चूर्ण तेलात राहिलेच पाहिजे काय? हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र काही अंशी विरघळते, आणि हळदीचा सुगंधी अंश तर तेलच आहे. मागे उरते ते मुख्यतः पिष्ट व तंतू, ज्यांचा त्वचेवर खरवडण्यापलीकडे विशेष उपयोग नाही. शार्ङ्गधर संहितेच्या परंपरेत तेलपाकासाठी एक भाग कल्क, म्हणजे वाटलेल्या द्रव्याचा गोळा, चार भाग तेल आणि सोळा भाग द्रव असे मान सांगितले आहे. पाक सिद्ध झाल्यावर पाणी आटलेले असते आणि कल्क गाळून टाकतात. ज्यांना हळदीचे तेल हवे आहे त्यांनी निःसंकोच हाच मार्ग धरावा, गाळलेले तेल गडद बाटलीत उजेडापासून दूर ठेवावे, कारण उजेडाने कर्क्युमिन विटते, आणि चूर्ण तरंगते ठेवण्याच्या खटाटोपातून मोकळे व्हावे. ज्यांना अंग घासायचे आहे त्यांनी उटणे कोरडेच ठेवावे आणि तेलाशी त्याची गाठ न्हाणीघरात घालून द्यावी. मुलतानी माती, गेरू, अभ्रक, रंगद्रव्ये ही मात्र कशातच विरघळत नाहीत, आणि त्यांच्यासाठी जाळे विणल्यावाचून गत्यंतर नाही.

कारखान्यांत हे जाळे मेणाऐवजी इतर साधनांनीही विणले जाते. ज्वालेत तयार केलेली सिलिका अत्यंत हलकी, फुगीर पांढरी भुकटी असते. तिचे कण तेलात साखळ्या करतात, हलवले की त्या सुटतात, ठेवले की पुन्हा जुळतात. बेंटोनाइट माती जात्याच पाण्यात फुगते, तेलात नाही. परंतु तिच्यावर विशिष्ट सेंद्रिय क्षारांची प्रक्रिया केली की तीच माती तेलात फुगते, आणि नखांना लावायच्या रंगातील चमकदार कण तरंगते ठेवण्याचे काम याच जातीची माती करते. ही द्रव्ये घरी आणण्यास हरकत नाही, पण सिलिकाची भुकटी श्वासाबरोबर छातीत जाऊ नये म्हणून नाकातोंडाला फडके बांधल्याशिवाय डबा उघडू नये.

दोन बाबतींत मात्र मी सक्त मनाई करीन. झिंक ऑक्साइड तेलात कालवून घरी उन्हापासून रक्षण करणारा लेप करू नये. त्यात चूर्ण सर्वत्र सारखे पसरले आहे की कोठे दाट कोठे विरळ, हे डोळ्यांना कळत नाही, आणि विरळ जागी त्वचा भाजते. दुसरे, मारुतीला तेलात कालवून चढवतात तो शेंदूर हे शिशाचे संयुग असू शकते. रंग चांगला येतो म्हणून तो ओठांच्या किंवा गालांच्या लेपात कधीही घालू नये. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांनी रंगासाठी शिशाची व आर्सेनिकची संयुगे वापरण्यास बंदी केली आहे, आणि विक्रीसाठी प्रसाधने तयार करायची तर परवाना लागतो, हेही बचत गटांनी आरंभीच ध्यानात घ्यावे. बाजारातील भडक पिवळी हळदही, तिच्यात रंगाची भेसळ असू शकते म्हणून, या कामी घेऊ नये. शेतावरची हळकुंडे ज्यांना मिळतात त्यांनी ती स्वतः कुटून घ्यावीत.

केलेला लेप टिकेल की नाही याची परीक्षा वर्षभर थांबून करण्याची गरज नसते. एकाच घाण्यातल्या दोन डब्या भराव्यात. एक घरात सावलीत ठेवावी, दुसरी पत्र्याच्या छपराखाली, जेथे दुपारी हात ठेववत नाही अशा जागी, आठवडाभर राहू द्यावी. मग दोन्ही डब्यांतील लेपाचा वरचा आणि तळाचा पापुद्रा वेगवेगळ्या पांढऱ्या कागदांवर पुसून रंग शेजारी शेजारी पाहावेत. छपराखालच्या डबीतील तळ गडद निघाला आणि सावलीतल्या डबीत फरक नसला, तर मेण एक-दोन ग्रॅमने वाढवावे. दोन्ही डब्यांत तळ गडद निघाला, तर दोष बहुधा ओतण्याच्या घाईचा. आणि रंग सारखाच असून बोटाला कच लागत असेल, तर मेणात काही बिघडलेले नाही; चूर्ण पुन्हा वस्त्रातून गाळावे लागेल.